मिठाच्या गोण्या

फार मागे शैलपुरात उदग्रसेन राजा गादीवर होता, तेव्हा बोधिसत्त्वाने एका घोडेस्वाराच्या घरी जन्म घेतला. नाव भद्रघोष. मनगटाच्या जोरावर सेनापती झाला. रणात माणसं मरताना पाहून विटला, तलवार ठेवली आणि अमात्य झाला. पण रस्त्याने निघाला की शिपाई जुन्या सवयीने अजून सलामीला भाले झुकवीत. राजाला तेच सले. लढवय्या उगाच तलवार ठेवत नाही, याच्या मनात काहीतरी शिजतंय!

त्या वर्षी घाटापलीकडच्या चंडकेतू राजाने मिठाची वाट अडवली. घरोघर अळणी पेज. गुरं भिंती चाटू लागली. राजाने भद्रघोषालाच दूत म्हणून धाडलं. चंडकेतूचा भाऊ लढाईत याच्याच हातून मेला होता. परत नाही आला तर बरंच, हे राजाच्या पोटात.

महिन्याने भद्रघोष परतला. मागे चाळीस बैल, पाठीवर गोण्या. राजा तटावरून बघत होता.

शेजारचा कालक अमात्य म्हणाला, "भावाला मारणाऱ्याला कोणी जिवंत सोडतं, महाराज? वर मीठ देतं? आत हत्यारं असणार."

संशयी माणसाला पुरावा लागतो कुठे? राजा ओरडला, "फाडा गोण्या!"

सगळ्याच्या सगळ्या फाटल्या. वेशीतल्या मातीत नुसतं मीठ सांडलं. बाया धावल्या, माती-मीठ पदरात भरू लागल्या.

"राजा, हीच माती वाढू का तुझ्या ताटात?" एक म्हातारी कडाडली.

राजा खाली उतरला. "चंडकेतूने सोडलं कसं तुला?"

"म्हटलं, तुमचा भाऊ मी मारला. शिक्षा आधी द्या, मिठाचं मग बोलू. तो खूप रडला. मग वाट मोकळी केली."

"मी तुला मरायला धाडलं होतं."

"ठाऊक होतं."

"मग परत कशाला आलास?"

"लोक अळणी खात होते." भद्रघोषाने मूठभर माती-मीठ मडक्यातल्या पाण्यात सोडलं. पाणी गढूळलं. "फेकू नका म्हणावं. मीठ पाण्यात उतरतं, माती तळाशी बसते. वरचं पाणी आटवलं की झालं. तेवढं थांबावं लागतं, महाराज."

राजा मडक्यापाशी उकिडवा बसून राहिला.

एवढी गोष्ट सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, पात्रातला घास रोज संशयाने हुंगून बघणारा हा तुमचा सोबती तेव्हा उदग्रसेन होता. आज त्याच्या कानाला लागणारा भिक्षू, तो तेव्हाचा कालक. भद्रघोष मीच. गढूळ निवळेपर्यंत सोसून थांबणं, याला क्षांती म्हणतात."