विशाखाचा मोठा कॅमेरा

“भंते, माणसाला कमीच हवं असावं... हीच शिकवण ना?”

विशाखाने प्रश्न विचारला खरा, पण उत्तर ती घरूनच ठरवून आली होती.

विहाराच्या पायरीवर बसून भंते उपसेन भिक्षापात्र पुसत होते. जेवण होऊन बराच वेळ झाला होता. त्यांनी मान वर केली नाही.

हिंगोलीच्या कडेला, कयाधूच्या काठी हे विहार आहे. पत्र्याचं छप्पर, एक मोठी खोली, पुढे चार पायऱ्या. भंते एकेकाळी पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. नांदेडला स्वतःचं घर, दारात गाडी. पन्नाशीत त्यांनी भिक्खूचं चीवर घेतलं आणि इथे येऊन राहिले.

विशाखा खिल्लारे मागच्या वस्तीतली. लहानपणापासून रविवारच्या वर्गाला यायची. सगळ्यात जास्त प्रश्न तिचे असायचे, आणि भंतेंची सगळ्यात कमी उत्तरं तिला पटायची. आता ती चोवीस वर्षांची होती आणि गावातल्या एका फोटो स्टुडिओत कामाला होती.

भंते पात्र पुसतच राहिले, म्हणून तिनेच सांगायला सुरुवात केली.

लताबाई इंगोले नावाच्या शिक्षिका होत्या. त्यांच्या मुलीचं लग्न दिवाळीनंतर ठरलं होतं. त्या स्टुडिओत आल्या, पण मालकांकडे गेल्या नाहीत. विशाखाकडे आल्या. सगळे फोटो तूच काढायचे, म्हणाल्या, आणि स्टेजवर उभं राहून काढायचे. विसार हातात ठेवून गेल्या. फक्त कॅमेरा चांगला आण, एवढीच अट.

विशाखाकडे जो कॅमेरा होता तो स्टुडिओचे मालक दिनकरराव भंगारात टाकणार होते. तिने मागितला, त्यांनी दिला. लग्नात स्टेजवर दिनकररावांचा मोठा कॅमेरा असायचा. विशाखा आतल्या खोलीत बायकांचे, मेंदीचे, हळदीचे फोटो काढायची.

बाजारात दिवाळीचा सेल लागला होता. आज शेवटचा दिवस. दुकानात तिने दोन कॅमेरे पाहून ठेवले होते. एक शिकाऊ लोकांचा. छोटा, सोबत लेन्स, बॅग, स्टँड, सगळं एकाच खोक्यात. दुसरा मोठा, व्यावसायिक. नवीन मॉडेल आल्यामुळे त्याची किंमत उतरवली होती. साठवलेलं सगळं आणि विसार मिळून तो जेमतेम बसत होता. पण आजच. उद्या पुन्हा मूळ किंमत.

“मी छोटा घेते,” विशाखा म्हणाली. “उरलेले पैसे आईच्या हातात देईन.”

“आणि स्टेजवर?” भंतेंनी पहिल्यांदा विचारलं.

ती पटकन म्हणाली, की लताबाईंना सांगेन. स्टेजवर दिनकररावांना उभं करा, मी आतले फोटो काढीन. अंधारात, लांबून, हलणारी माणसं टिपायला मोठाच कॅमेरा लागतो, आणि तो त्यांच्याकडे आहे.

“मला समाधान आहे, भंते.”

हे म्हणताना तिची मान ताठ होती. भंते आता शाबासकी देतील, असं तिला वाटत होतं.

भंते पात्र घेऊनच उठले. “आत ये. माझा फोटो काढ.”

विहाराच्या खोलीला एकच खिडकी होती. भंते अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसले. तिने खांद्यावरच्या जुन्या कॅमेऱ्याने फोटो काढला आणि त्याच्या पडद्यावर दाखवला. चीवर कसंबसं दिसत होतं. चेहऱ्याच्या जागी नुसते करडे ठिपके.

“अजून एक.”

तिने काढला. तसाच आला.

“अजून.”

“उजेड कमी आहे, भंते. या कॅमेऱ्याला एवढंच जमतं... चालवून घ्या.”

“हे वाक्य तू किती लोकांना म्हणतेस?”

तिने कॅमेरा खाली घेतला.

मग तिचा पारा चढला. लहानपणी चढायचा तसा.

“तुमचं बरं आहे,” ती म्हणाली. “तुम्ही घर सोडलं, गाडी सोडली, तर सगळा जिल्हा त्यागी म्हणतो. माझी आई शाळेत खिचडी शिजवते. तिने काहीच सोडलं नाही, कारण तिच्याकडे काही नव्हतंच. तिला कोण त्यागी म्हणतं? आणि मी कमी मागितलं तर तुम्ही तेही परीक्षा घेऊन बघणार...”

बोलता बोलता ती थांबली. भंतेंना एवढं कोणी ऐकवलं नव्हतं. तिनेही नाही.

भंते हसत होते.

“हे मघाशी पायरीवरच का नाही बोललीस?”

ती कॅमेऱ्याचा पडदा पुसू लागली.

“मी सोडलं, कारण माझ्याकडे होतं,” भंते म्हणाले. “तुझ्याकडे काय आहे सोडायला?”

बाहेर कुणीतरी म्हशी नदीकडे नेत होतं. त्यांचा आवाज लांब गेल्यावर भंतेंनी विचारलं,

“हे समाधान तुला कोणी शिकवलं? आठवून सांग. मी तर नाही.”

विशाखा आठवू लागली. वर्गात भंतेंनी सांगितलेलं काही आठवतं का, ते शोधू लागली. आठवले ते दिनकरराव. जुना कॅमेरा तिच्या हातात ठेवताना ते म्हणाले होते, तुला एवढा पुरे. वाईट मनाने नव्हते म्हणाले. हसून, प्रेमाने म्हणाले होते. म्हणूनच ते वाक्य ती इतकी वर्षं स्वतःचं समजून वापरत होती.

तिने ते भंतेंना सांगितलं नाही. पण तिचा चेहरा पडला, आणि भंतेंनी तो पाहिला.

त्यांनी हातातलं पात्र तिच्याकडे दिलं. लोखंडाचं, काळं, जड. बुडाशी दोन ठिकाणी सांधलेलं.

“भिक्खूला नवं पात्र हौसेने मागता येत नाही,” ते म्हणाले. “पण जुन्याला पाच सांधे पडले, की मागता येतं. तसा नियमच आहे. तथागतांनी सगळं सोडायला सांगितलं... गळकं पात्र धरून बस, असं नाही सांगितलं.”

“याला दोनच आहेत.”

“म्हणून मी गप्प आहे.”

मग त्यांनी तिचा कॅमेरा हातात घेतला. बॅटरीच्या झाकणावर काळी चिकटपट्टी होती. मुठीचं रबर सुटत होतं, तिथेही पट्टी. लेन्सच्या कड्याला, पट्ट्याच्या कडीला, पडद्याच्या कोपऱ्याला. भंतेंचं बोट एकेका पट्टीवर टेकत, थांबत पुढे गेलं. 

पाचव्या पट्टीवरून बोट उचलून त्यांनी कॅमेरा तिला परत दिला.

“चल,” ते म्हणाले. “दुकान बंद होईल.”

भर दिवाळीत, अनवाणी, चीवरातले भंते पुढे आणि विशाखा मागे, असे ते बाजारात निघाले. लोक थांबून हात जोडत होते. दुकानावर झेंडूची तोरणं होती, आत पाय ठेवायला जागा नव्हती. कोणी टीव्ही बघत होतं, कोणी मोबाइल. कोणीतरी भंतेंना बसायला स्टूल दिलं.

काउंटरवरच्या माणसाने भंतेंनाच विचारलं, की मुलीसाठी काय दाखवू? भंतेंनी विशाखाकडे बोट केलं. तिने कॅमेरा म्हणताच त्याने छोटं खोकं पुढे सरकवलं आणि बॅग फुकट आहे, स्टँड फुकट आहे, लेडीजना हाच हलका पडतो, असं सगळं एका दमात सांगून टाकलं.

“तो काढा,” विशाखा काचेच्या कपाटाकडे बघत म्हणाली.

“तो प्रोफेशनल आहे, ताई.”

“मीही.”

माणसाने एकदा भंतेंकडे पाहिलं. भंते टीव्हीवरची क्रिकेटची मॅच बघत होते. मग त्याने खिशातून किल्ली काढली.

कॅमेरा हातात आला तेव्हा त्याच्या वजनाने तिचं मनगट खाली गेलं. तिने दुसरा हात खालून लावला. लेन्स काढून काच उजेडात धरली, बटणं दाबून पाहिली, जुनी बसलेली धूळ आहे का ते पाहिलं, वॉरंटीचा कागद मागितला. घाई केली नाही. मागे रांग वाढत होती.

“विशाखा?”

आवाज ओळखीचा होता. दिनकरराव बॅटऱ्या घ्यायला आले होते. त्यांनी तिच्या हातातला कॅमेरा पाहिला आणि त्यांना खरोखरच काळजी वाटली असावी. जवळ येऊन हळू आवाजात ते समजावू लागले. कष्टाचे पैसे असे एका दिवसात का घालवतेस, कामं रोज मिळत नाहीत, कॅमेरा बिघडला तर दुरुस्तीलाही औरंगाबाद गाठावं लागतं. यातलं काहीही खोटं नव्हतं.

“लागला तर माझा नेत जा ना,” ते शेवटी म्हणाले. “माझा तो तुझाच.”

विशाखाचा हात क्षणभर सैल पडला. इतकं त्यांनी तिला कधी देऊ केलं नव्हतं. घरी जाऊन आईच्या हातात सगळे पैसे ठेवता आले असते.

“स्टेजवर?” तिने विचारलं.

दिनकरराव हसले. उत्तर दिलं नाही.

तिने वाट पाहिली. चांगला बराच वेळ पाहिली. काउंटरवरचा माणूस एकदा दिनकररावांकडे, एकदा तिच्याकडे बघत उभा होता.

“बिल करा,” ती म्हणाली.

“मग उद्यापासून तुझं तूच बघ,” दिनकरराव म्हणाले. ते रागावले नव्हते. दुखावले होते, आणि ते जास्त जड होतं. बॅटऱ्या तशाच ठेवून ते बाहेर पडले. ती त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. सहा वर्षं तिने याच माणसाकडे काम केलं होतं. कॅमेरा कसा धरायचा, तेही त्यांनीच दाखवलं होतं.

बिल कोणाच्या नावाने, असं दुकानदाराने दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा तिला ऐकू आलं.

“विशाखा सुभद्रा खिल्लारे.”

“मधलं नाव वडिलांचं लागतं.”

“मधलं नाव माझ्या आईचं आहे. तसंच लिहा.”

त्याने लिहिलं.

पैसे दिले. पाकीट रिकामं झालं. नोकरी गेली होती. लग्नाला अजून बरेच दिवस होते, आणि ते एकच काम हाती होतं. मघाचा ताठपणा कुठल्या कुठे गेला.  कॅमेरा पोटाशी धरून ती गर्दीतून वाट काढत स्टुलापाशी आली.

“भंते... मी बरोबर केलं ना?”

 मॅच संपली होती. भंते तिच्याकडे नीट बघत होते.

विशाखा खाली बसली. तीन वेळा वाकून तिने वंदन केलं. दुकानातले लोक बाजूला झाले. मग तिने तो नवा कॅमेरा दोन्ही हातांनी उचलला आणि भंतेंच्या पायाशी ठेवायला पुढे केला.

भंतेंनी पाय मागे घेतले.

“खाली नको ठेवूस,” ते म्हणाले. “डोळ्याला लाव.”