सरड्याच्या नऊशे दुरुस्त्या

रानात मुंगीच्या कामावरही देखरेखीला कुणीतरी नेमलेला असे, त्या काळची ही गोष्ट. दाणे वारुळात न्यायचे होते. पावलं एका तालात पडावीत म्हणून सुतारपक्षी उंच खोडावर ठोके देई, पण खाली जमिनीवरच्या मुंग्यांपर्यंत ते पोचत नसत. म्हणून प्रत्येक ठोक्याला मान हलवून दाखवायला सरड्याला नेमलं. त्याची मान बघून मुंग्या पाऊल टाकत.

सरडा स्वतःला भारी दक्ष समजे. मान केसभर उशिरा हलली, की पुढच्या ठोक्याला तो घाई करी आणि ती लवकर हले. मग तो मुद्दाम थांबे, की पुन्हा उशीर. हळूच सावरून घेणं त्याला ठाऊकच नव्हतं. सावरायचं ते हिसक्यानंच. मुंग्या एकमेकींवर आदळत, दाणे घरंगळत.

"सरडेराव, जरा दमानं घ्या," टिपरी नावाची म्हातारी मुंगी म्हणाली. "केसभरानं आमचं काही अडत नाही."

"अगं, सकाळपासून नऊशे चुका दुरुस्त केल्यात मी!"

"त्यातली पहिली सोडली, तर बाकीच्या तुमच्या दुरुस्तीनंच झाल्या."

काय हा उर्मटपणा! सरडा आणखी जोरात मान हलवू लागला. टिपरीनं मात्र सगळ्यांना बजावलं, "वर बघूच नका. पुढचीला मिशा टेकवून चाला." संध्याकाळपर्यंत वारूळ भरलं.

कारभारी हत्ती पाहणीला आला. "वा! रांग कशी सरळ!"

"नऊशे दुरुस्त्या केल्या साहेब, तेव्हा कुठे जमलं," सरडा म्हणाला.

हत्तीनं त्याला तिथल्या तिथे बढती दिली. हल्ली सुतारपक्ष्याचे ठोकेही तोच सुधारतो.