कवठीची लेकरे

पूर्वी शालिवती नगरात सुधर्म नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व जवळच्या रानात हत्ती होऊन जन्मला होता. त्याचे वय झाले होते, दाढा झिजल्या होत्या, पण मन निर्मळ होते. त्या रानातल्या खडकाळ माळावर कवठीचे एक जुने झाड होते आणि त्यात एक वृक्षदेवता राहत असे.

देवतेचा सारा जीव आपल्या लेकरांत. बारीक तांबूस फुले आली की मधमाश्या येत, मध घेत आणि या फुलाचे पराग त्या फुलाला नेऊन देत. तेव्हा ती कौतुकाने म्हणे, "या गं, घर तुमचंच आहे." पण फळ धरले की बाईचा स्वभाव पालटे. माकड दिसले की ती फांदी झटके, आणि हत्ती आला की काटे पुढे करी.

"तुझं पोट आहे की रांजण?" ती म्हणे. "माझी लेकरं गिळायला येतोस! एवढा मोठा देह, लाज कशी वाटत नाही?"

"कवठं गिळतो आई, पण चावत नाही," बोधिसत्त्व सांगे. "माझ्या पोटात बसून ती कोसभर जातात आणि शेणाबरोबर भुईवर उतरतात. बीला धक्का लागत नाही. मधमाशी परागाला नेते, मी बीला नेतो. काम एकच. माझं थोडं ओबडधोबड, इतकंच."

"मधमाशी फुलाला फुलाच्या घरी नेते. तू कुठे टाकून देशील कोण जाणे! राहू देत माझी माझ्या पायाशी."

बोधिसत्त्व भुकेला होता. सोंड उचलली असती तर त्याला कोण अडवणार होते? पण आई नको म्हणाली, तर ते फळ आपले नव्हे, असे समजून तो माघारी फिरला. असे दरवर्षी होई.

फळे बुंध्याशी पडत. बहुतेक कवचातच सडून जात. एखादे फुटून त्यातले बी रुजलेच, तर वर ऊन नाही आणि खाली पाणी नाही. माळावर ओल ती किती, तीही आईचीच मुळे आधी पिऊन टाकत. रोप फिकट पडले की उन्हाने कोमेजले असे समजून ती आणखी दाट सावली धरी, आणि ते आणखी लवकर मरे. तिच्या मायेत खोट नव्हती, म्हणून तर जास्त वाईट वाटते.

मग एका हिवाळ्यात राजाचे सुतार आले. नव्या रथासाठी चिवट लाकूड हवे होते. त्यांनी बुंध्यावर गेरूची खूण केली आणि कुऱ्हाडी आणायला ते नगरात गेले.

त्या दिवशी हत्ती दूरवरून जात होता. देवतेने आपण होऊन त्याला हाक मारली.

"अरे, ये. सगळी घेऊन जा." तिने काटे मागे घेतले. "माझं काय व्हायचं ते होईल. एखादं तरी जगेल ना रे?"

"ओली माती मिळाली तर जगेल, आई."

"आहे कुठे ओली माती?"

बोधिसत्त्वाने नदीकडे पाहिले. डोंगरावर सगळा कातळ. ओली माती होती ती नदीकाठी, आणि नदीकाठी हत्ती धरणारी राजाची माणसे फास लावून बसली होती. म्हणूनच तर त्याचा कळप डोंगरावर निघून गेला होता, आणि तोही तिकडेच चालला होता.

"आहे एक जागा," एवढेच तो म्हणाला.

तिने एकेक देठ सैल केला. फळ खाली येई, तो ते सोंडेत झेली आणि अख्खे गिळी. शेंड्याचे शेवटचे लहानसे फळ मात्र तिच्याने सोडवेना. बोधिसत्त्वाने ओढले नाही, तो नुसता उभा राहिला. बऱ्याच वेळाने ते फळ त्याच्या सोंडेत पडले.

तो नदीकाठी गेला आणि गाळाच्या मातीत हिंडत राहिला. पोटातल्या बिया भुईवर उतरल्यावरच तो पाण्याकडे वळला. तिथे फास पायात आवळला.

हत्ती धरणाऱ्यांत कुवल नावाचा तरुण होता. त्याला नवल वाटले. "गजराज, फास तर तुला दिसत होता! मग आलास कशाला?"

"पोचवायला आलो होतो," बोधिसत्त्व म्हणाला. "मला खुशाल ने. फक्त त्या शेणातून काही उगवलं तर गुरांना तोंड लावू देऊ नकोस."

"शेणाची राखण करू म्हणतोस?" कुवल हसला. पण शब्द त्याच्या मनात राहिला.

झाड पडले. देवता बेघर होऊन रानभर फिरत राहिली. पावसाळा सरल्यावर नदीकाठी तिला काट्यांचे एक कुंपण दिसले आणि त्यात वीतभर उंचीचे, हिरवेगार कवठीचे रोप. ती त्याच्यापाशी बसली आणि पोटभर रडली. मग लेकराच्याच घरी राहायला गेली.

कुवलने त्या रोपाचे एक पान गजशाळेत नेऊन हत्तीपुढे धरले. बोधिसत्त्वाने वास ओळखला आणि डोळे मिटले. साखळीचे त्याला दुःख झाले नाही.

शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, ही कथा विहारात नागदत्ता नावाच्या विधवेला सांगितली. तिच्या एकुलत्या एक लेकीचे, सुलसेचे, लग्न होऊन आठवडा झाला होता. दूरदेशीचा जावई गाडी जुंपून विहाराच्या दारात उभा होता, आणि ही लेकीचा हात सोडीत नव्हती.

शास्ता म्हणाला, "नागदत्ते, त्या जन्मीची वृक्षदेवता तू होतीस. कुवल म्हणजे तुझा जावई. हत्ती मीच होतो."

"आणि ते रोप?" तिने विचारले.

शास्त्याने तिच्या शेजारी उभ्या असलेल्या सुलसेकडे पाहिले.

नागदत्तेने हात सोडला. मग म्हणाली, "तिकडं कुंपण घालील ना हा?"

"घालील," शास्ता म्हणाला. "आणि तुलाही तिथे जागा असेल."

हातातले देणे हे दान आहेच. पण काळजाला धरलेले जाऊ देणे, ही दानाची पूर्णता, दानपारमिता.