पालकाच्या वाफ्यातली गाय

फार वर्षांपूर्वी, भाज्या अजून तोंडावर बोलायच्या तेव्हा, परसातल्या पालकाच्या वाफ्यात एक शेंबडी गोगलगाय शिरली. पाठीवर शंख नाही, अंगात लाज नाही. बघता बघता तिने निम्म्या पालकाची चाळणी केली.

“बाई, आता निघा,” पालक म्हणाला. “अजून एक जेवण केलंत तर आम्ही संपलो.”

“मला हाकलतोस? अरे, माझ्या नावातच गाय आहे. गाईला लोक हौसेने पाला घालतात!”

मुद्दा बिनतोड होता.

शेजारची मिरची म्हणाली, “नमस्कार, गाईबाई. दुसऱ्याच्या बागेत चरणारी गाय कोंडवाड्यात जाते. तुमच्या कोंडवाड्याला ती कोपऱ्यातली नारळाची करवंटी रिकामीच आहे. रोज सकाळी मुंगळे येतील, धार काढायला.”

गोगलगाय दचकली. “छे गं, मी कुठली गाय! ते नुसतं मागे चिकटलंय. मी खरी गोगल!”

“गॉगल?” मिरची म्हणाली. “मग सावलीत काय करताय? चला, उन्हात बसा.”

उन्हात गोगलगाय सुकून मरते. उन्हाचं नुसतं नाव ऐकूनच ती सावली धरून जिवाच्या आकांताने पळत सुटली.

संध्याकाळपर्यंत पालकाला ती पळताना दिसत होती.