महाराजांसाठी चांदमारी

“आम्हाला नेमबाजी शिकायची आहे!” झुंझारराव महाराज भर दरबारात म्हणाले, आणि पहिल्या रांगेतले सगळे मानकरी हळूच दुसऱ्या रांगेत सरकले.

त्याला कारण होतं. सोमवारी महाराजांनी बागेतल्या पेरूवर नेम धरला, तर मुदपाकखान्यातली लोणच्याची बरणी फुटली. मंगळवारी नेम होता कावळ्यावर. कावळा अजून जिवंत आहे. भोक पडलं ते प्रधान त्रिंबकपंतांच्या पगडीला. पगडी खुंटीवर होती, म्हणून पंत वाचले.

“गावात तीन चांदमाऱ्या आहेत,” महाराज पुढे म्हणाले. “आमच्या सरावाला त्यातली कोणती योग्य, ते पंत, तुम्ही शनिवारपर्यंत ठरवा. जिथे नियमांची पाटी नाही, तिथे आम्ही पाऊल टाकणार नाही. पाटीवरचा एकही नियम मोडायचा नाही, आणि आमच्यासाठी बदलायचाही नाही. आम्ही न्यायी राजे आहोत!”

“आहातच, महाराज!”

“आणि तिथे आम्ही कुणाचाही हुकूम ऐकणार नाही! अशी जागा मिळाली नाही, तर तिन्ही चांदमाऱ्या बंद!”

ही बातमी चिमा कुंभारणीच्या कानावर गेली, तेव्हा ती भट्टीतून मडकी काढत होती. तिची मडकी पाण्यासाठी नव्हती, फोडण्यासाठी होती. पातळ थापलेली, चुन्यानं पांढरी केलेली, लांबून उठून दिसणारी. तिन्ही चांदमाऱ्यांवर तीच नेमाला ठेवत, आणि चिमाचं घर त्यावरच चालत होतं. चांदमारी बंद म्हणजे तिचं चाक बंद! ती चुन्याच्या हातांनीच पंतांकडे गेली.

“पंत, गढीवरची चांदमारी पाहिलीत?”

“पाहिली गं बाई! संगमरवरी पाटी, अठ्ठेचाळीस नियम. नेम चुकला की अकरा उठाबशा. महाराज दिवसभर उठाबशाच काढतील!”

“आणि ओढ्याकाठची?”

“तिथे पाटीच नाही. कोण कुठून बार काढतो, पत्ता नाही. मी म्हशीच्या आड लपून पाहणी केली. थोड्या वेळानं म्हैस माझ्या आड लपली!”

“मग राहिली टेकडीखालची.”

“जागा झकास. मागे मातीची टेकडी, त्यामुळे गोळी पलीकडे जात नाही. पाटीवर सहाच नियम. उस्ताद सर्जेराव रोज सकाळी ते मोठ्यानं वाचतो, त्याशिवाय कुणाच्या बंदुकीची खोळ निघत नाही. पण दुसराच नियम असा, की लाल झेंडा वर गेला की बंदुका खाली, आणि झेंडेकऱ्याचा हुकूम सगळ्यांनी ऐकायचा. सगळ्यांनी! आता महाराज कुणाचा हुकूम ऐकणार?”

चिमानं पदराला हात पुसले. “टेकडीखालची ठरली म्हणून सांगा. पुढचं मी बघते.”

“आणि फसलं तर?”

“तर मी मडकं हातात धरून महाराजांसमोर उभी राहीन. ते नेम धरतील तेव्हा तेवढी एकच जागा सुरक्षित असते!”

शनिवारी सकाळी सगळं गाव टेकडीखाली जमलं. जे शहाणे होते, ते बैलगाड्यांच्या आडोशाला बसले. उस्ताद सर्जेराव पाटीसमोर उभा राहिला.

“नियम पहिला! पाटी ऐकल्याशिवाय खोळ काढायची नाही. नियम दुसरा! झेंडेकऱ्याचा हुकूम सगळ्यांनी ऐकायचा—”

“थांब!” महाराज गरजले. “हुकूम? आम्ही ऐकायचा? पंत, करा बंद ही चांदमारी!”

“महाराज,” चिमा पुढे आली, “तुम्हीच झेंडेकरी व्हा ना!”

“आम्ही?”

“सगळे तुमचा हुकूम ऐकतील.”

“पण झेंडेकऱ्यालाही झेंडेकऱ्याचा हुकूम ऐकावा लागेलच की!”

“लागेल. पण तो तुमचा तुम्हीच दिलेला असेल!”

महाराजांनी उस्तादाकडे पाहिलं.

“नियमात बसतं, सरकार,” उस्ताद म्हणाला. “आता तिसरा नियम—”

“पुरे, पुरे! झेंडा आण!”

लाल झेंडा वर गेला. दहा सरदारांनी पाटी पहाटेच पूर्ण ऐकून घेतली होती. त्यांनी दहा बंदुका झटक्यात खाली ठेवल्या. महाराज खूश! झेंडा खाली आला. धडाड् धूम! मडक्यांच्या खापऱ्या उडाल्या.

“पुन्हा! बंदुका खाली! उचला! खाली! ओ मिशीवाले, तुम्हाला वेगळं सांगायचं का?”

दुपारपर्यंत झेंडा तेवीस वेळा वर गेला. एक्केचाळीस मडकी फुटली. बरणी एकही नाही, पगडी एकही नाही. सरदारांच्या कमरा तेवढ्या धरल्या.

“वा! मजा आली!” महाराज घाम पुसत म्हणाले. “आता आमची बंदूक आणा!”

बैलगाड्यांच्या आडोशाला आणखी गर्दी झाली.

“महाराज,” चिमा म्हणाली, “तिसरा नियम ऐकायचा राहिलाय.”

उस्तादानं घसा खाकरला. “ज्याच्या हातात झेंडा, त्यानं बंदुकीला हात लावायचा नाही!”

महाराजांनी झेंडा या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाले, “त्यात काय! झेंडा दुसऱ्याला देतो. पंत, धरा!”

पंतांनी लगबगीनं हात पुढे केला.

“द्या की, महाराज,” चिमा म्हणाली. “पण तो पंतांच्या हातात गेला, की पंत हुकूम देणार आणि तुम्ही ऐकणार!”

महाराजांनी पंतांकडे पाहिलं. पंतांनी तर पहिला हुकूम द्यायला तोंडही उघडलं होतं! महाराजांनी झेंडा पटकन मागे ओढला आणि छातीशी घट्ट धरला.

“म्हणजे नियम मोडायचा नाही, हुकूम ऐकायचा नाही, तर बार काढायचाच नाही?”

“अटी तुमच्याच आहेत, महाराज. मी फक्त जागा निवडली!”

महाराजांच्या मिशा थरथरल्या. पंत एक पाऊल मागे सरकले. आणि महाराज असे खदखदून हसले, की जवळचा बैल दावं तोडून पळाला!

“आठवडाभर या राज्यात बार उडताहेत,” ते डोळे पुसत म्हणाले, “पण नेम बरोबर बसला तो आज, आणि तोही आमच्यावर! चिमा, तिन्ही चांदमाऱ्या चालू राहतील. तिथली मडकी यापुढे फक्त तुझ्या चाकावरची, आणि तळ्याकाठची सगळी चिकणमाती तुझी!”

मग त्यांनी झेंडा उंच केला.

“बंदुका खाली! आता सगळ्यांनी जेवायला चला, हा आमचा हुकूम आहे!”