कुंपणाबाहेरचा वाफा

आधी सगळे पांघरुणात शिरा बघू. शिरलात? हं. तर एकदा काय झालं, रानाच्या अगदी कडेला एक घर होतं. त्या घरात धुरपाबाई आणि तिचा नवरा भिवबा राहायचे. घरामागे त्यांची परसबाग. वांगी होती, दोडके होते, आणि मधोमध आंबटचुक्याचा वाफा. असा हिरवागार, की नुसतं बघितलं तरी तोंडाला पाणी सुटावं!

धुरपाबाईची लेक ठकू सासरी होती. तिला बाळ होणार होतं, बरं का. पण पोरीच्या पोटात अन्नच ठरेना. दूध नको, भात नको. तिनं सांगावा धाडला, "आई, मी येतेय. मला आपल्या परसातला आंबटचुका हवाय. दुसरं काही घशाखाली उतरतच नाही गं." मग काय विचारता! धुरपाबाईचे पाय जमिनीवर ठरेनात. डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचा कान फुटतो म्हणतात. म्हणजे चुका जिवापाड जपायला हवा.

आणि सकाळी बघते तर काय! अर्धा वाफा फस्त! मातीत खुरांचे ठसे. "अगं बाई! हरणं शिरली की!"

मग धुरपाबाईनं पदर खोचला. बोरीच्या काटेरी फांद्या आणल्या आणि बागेभोवती उंच कुंपण घातलं. दुसऱ्या सकाळी काय? हरणांनी मारली टुणकन उडी, आणि आणखी चुका गायब!

मग तिनं बुजगावणं केलं. आत पेंढा भरला, वर भिवबाचा सदरा चढवला, आणि डोक्यावर त्याचं सणाचं लाल पागोटं. भिवबा कळवळला, "अगं, लेकीच्या डोहाळजेवणाला मी काय घालू?"

"बोडक्यानं बसा!" धुरपाबाई म्हणाली.

सकाळी काय? मेल्या हरणांनी बुजगावण्याचा पेंढासुद्धा खाल्ला! सदरा नुसता काठीवर लोंबतोय, आणि पागोटं तर पळवलेलं. हसू नका रे, बिचाऱ्या भिवबाला रडू फुटलं होतं.

आता वाफ्यात मूठभर चुका उरला. आणि ठकूची बैलगाडी तर दुसऱ्या दिवशीच यायची! धुरपाबाई म्हणाली, "थांबा, आता मीच बुजगावणं होते!" मग पहाटे तिनं तो सदरा घातला, हातात काठी घेतली आणि वाफ्यात जाऊन उभी राहिली. हलायचं नाही. नाकावर माशी बसली तरी शिंकायचं नाही!

तांबडं फुटलं. आणि कुंपणावरून, टुणकन! एक हरणी आत आली. धुरपाबाईनं काठी उगारली, आणि हात वरच राहिला. हरणीचं पोट हे एवढं मोठं! वांग्यांकडे ती बघेना, दोडक्यांकडे बघेना. थेट चुक्यापाशी आली.

"अगं, तुलासुद्धा?" धुरपाबाईच्या तोंडून निघून गेलं.

हरणी थरथर कापत होती. ती म्हणाली, "मावशी, रानातलं काही घशाखाली उतरत नाही गं. माझे डोहाळे कोण पुरवणार?" हो, तेव्हा हरणं बोलायची.

धुरपाबाईनं चुक्याकडे बघितलं. मूठभर. ठकूला द्यावा तर ही उपाशी, हिला द्यावा तर ठकू उपाशी! पण पोटुशी बाई दारातून उपाशी पाठवायची कशी? तिनं काठी टाकली. घरातून हळदीकुंकू आणलं, हरणीच्या कपाळाला लावलं, आणि मग तो सगळा चुका आपल्या हातानं तिला भरवला. भरवताना ढसाढसा रडली.

हरणीनं तिचा हात चाटला आणि उडी मारून पळाली. आणि काय सांगू तुम्हाला! जिथं जिथं तिचा खूर टेकला, तिथं तिथं आंबटचुका उगवला! कुंपणाबाहेर चुका, पायवाटेवर चुका, पार गाडीवाटेपर्यंत चुका! धुरपाबाई धावत सुटली. बघते तर समोरून ठकू येतेय. गाडीतून उतरून चालत, वाकून वाकून चुका खुडत, आणि कचाकचा खात!

"आई, पोटात ठरला गं!" ठकू ओरडली.

मग डोहाळजेवण झालं दणक्यात. भिवबा बोडक्यानंच बसला होता. तेवढ्यात कुंपणापाशी एक मोठा काळवीट येऊन उभा राहिला, आणि त्याच्या शिंगांवर लाल पागोटं! भिवबानं ते जे डोक्यावर चढवलं, ते झोपतानाही काढलं नाही.

पुढं ठकूला मुलगी झाली, हरणीला पाडस झालं. दोघांचे कान ठणठणीत! धुरपाबाईनं कुंपणाबाहेर चुक्याचा आणखी एक वाफा घातला, हरणांच्या लेकीसुनांसाठी. त्यानंतर कुंपणावरून एकाही हरणानं उडी मारली नाही. सगळी पोटभर जेवली, सुखानं राहिली.

चला, आता मिटा डोळे. कान हवे तर राहू द्या उघडे. बाहेर काही कचाकचा वाजलं, तर उठायचं नाही हं. जेवू द्या तिला.