कासाराला केलेला मुजरा

एकदा एका नदीकाठच्या गडावर एक वृद्ध आचार्य राहत. गडकरी त्यांच्या सल्ल्याशिवाय पाऊल उचलत नसे. पलीकडच्या तीरावर शत्रूचं ठाणं होतं. पण आठवडी बाजाराला दोन्ही तीरांवरची माणसं एकाच नावेतून येत-जात.

अशाच एका बाजारच्या सकाळी आचार्य गडकऱ्याशी बोलत असताना त्यांच्या तरुण शिष्याच्या कानावर आलं, की पलीकडून बांगड्या विकायला येणारा कासार आपलाच हेर आहे. गडावरचा मागचा हल्ला फसला, तो त्याच्यामुळे. पोराचा ऊर भरून आला. दुपारी भर बाजारात कासार समोर दिसला आणि शिष्यानं, दरबारात सरदाराला करतात तसा, लवून मुजरा केला.

झालं! सगळ्यांच्या माना वळल्या. बाजारात आपण भाजी कमी आणि माणसंच जास्त बघतो ना. पलीकडचे दोन धान्यवाले तर टक लावून पाहू लागले. कासाराचा चेहरा पांढराफटक पडला.

तोच आचार्य धावत आले. त्यांनी बांगड्यांची टोपली लाथेनं उडवली. काचांचा सडा पडला.

"ठका! सरदार म्हणवून माझ्या भोळ्या पोराला फसवतोस?" त्यांनी काठी शिष्याच्या हाती दिली. "हाण याला!"

"आचार्य, पण हे तर..."

"तोंड बंद! हाण म्हणतो ना!"

कासारानं गयावया करत शिष्याचे पाय धरले आणि तो पुटपुटला, "मारा महाराज, जोरात मारा. बायको-पोरं पलीकडं आहेत माझी."

शिष्यानं मारलं. पाठीवर वळ उठले.

"मुजरा, सरदारसाहेब!" एक धान्यवाला ओरडला, आणि बाजार खो-खो हसत सुटला.

बाजूला नेल्यावर शिष्य रडू लागला. आचार्य हलक्या आवाजात म्हणाले, "बाळ, तुझ्या आदरानं आज त्याची मान गेली असती. मग त्याच्या घरच्यांची. मग ज्या ज्या दारात तो बांगड्या भरायला बसला, त्या प्रत्येक दारावर शिपाई उभे राहिले असते. आणि हे ऐकल्यावर आपल्यासाठी पलीकडे जायला पुन्हा कोण धजावेल? खबर थांबली, की तट कितीही उंच असो, गड आंधळा होतो."

"आता तरी ते वाचतील ना?"

"ठाऊक नाही. लोक हसले, एवढंच आपल्या हाती लागलं."

संध्याकाळी नाव सुटायला आली. दोघेही घाटावर उभे होते. कासार कण्हत चढला. धान्यवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकजण हसत बाजूला सरकला आणि त्यानं कासाराला बसायला जागा दिली.

नाव हलली. शिष्याचा हात निरोपासाठी वर जाऊ लागला. त्यानं तो आवरला, आणि नावेकडे पाठ फिरवली.